चार लेकरं गेल्यावरही टिकलेला संसार : माता रमाई आणि बाबासाहेब

दरवर्षी 7 फेब्रुवारीला आणि 27 मेला वस्त्यावस्त्यांत माता रमाईंच्या फोटोला हार घातला जातो. त्यांचा त्याग सांगितला जातो. शेण गोळा केलं, गोवऱ्या थापल्या, अर्धपोटी राहून साहेबांना शिकू दिलं. हे सगळं खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण भाषण संपता संपता एक वाक्य घाईघाईत येऊन जातं, की त्यांची चार लेकरं गेली. त्या वाक्यावर कुणी थांबत नाही. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही त्यांची नावं. तीन मुलगे आणि एक मुलगी. पाचांपैकी फक्त यशवंत, म्हणजे आपले भैय्यासाहेब, जगले.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करणारी माणसं आहोत. मूल गेलेल्या घरात आम्हाला वरचेवर जावं लागतं. कधी डेंग्यू, कधी अपघात, कधी जन्मतःच गेलेलं बाळ, कधी परीक्षेच्या निकालानंतर स्वतःचा जीव दिलेला मुलगा. अशा घरात पहिले दहा दिवस गर्दी असते. नंतर दार बंद होतं आणि आत दोनच माणसं उरतात, नवरा आणि बायको. त्या दोघांचं पुढे काय होतं, याकडे आपल्या चळवळीचं लक्ष नसतं. म्हणून रमाईंचं आयुष्य आम्ही या लेखात जरा वेगळ्या बाजूने सांगतो आहोत. एवढं दुःख पचवून तो संसार कसा उभा राहिला, हा आमचा प्रश्न आहे.

वणंद ते भायखळा

रमाईंचा जन्म 1898 सालचा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. आई रुक्मिणी. आई लवकर गेली, मागोमाग वडीलही गेले. पोरक्या झालेल्या भावंडांना नातेवाइकांनी मुंबईला भायखळ्यात आणलं. मरण म्हणजे काय हे ज्या वयात कळूही नये, त्या वयात रमाईंनी आईबाप दोघांनाही जाताना पाहिलं होतं.

सुभेदार रामजींनी भिवासाठी ही मुलगी पसंत केली. लग्न झालं भायखळ्याच्या बाजारात, रात्री, दुकानं बंद झाल्यावर. वऱ्हाडी दगडी ओट्यांवर बसले होते आणि पायाखालून गटाराचं पाणी वाहत होतं. सकाळी मासळीवाल्या यायच्या आत जागा मोकळी करायची होती. नवरी जेमतेम नऊ-दहा वर्षांची, नवरा शाळेतला मुलगा. आज या लग्नाला आपण बालविवाहच म्हणू, आणि तो होताच. पण पुढच्या तीसेक वर्षांत त्या दोघांमध्ये जे नातं तयार झालं ते त्या दोघांचं होतं.

12 डिसेंबर 1912 ला यशवंत जन्मला. दीड-दोन महिन्यांत, 2 फेब्रुवारी 1913 ला, सुभेदार रामजी वारले. घरचा आधार गेला. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. रमाई पंधरा वर्षांच्या होत्या, कडेवर बाळ होतं, आणि नवरा चार वर्षं परत येणार नव्हता.

परळच्या दोन खोल्या

परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतलं ते घर. त्या घरात दीर-जावा, पुतणे असा गोतावळा होता आणि कमावणारे हात कमी होते. रमाई पहाटे उठून शेण गोळा करत, गोवऱ्या थापत, सरपण वेचत. बॅरिस्टर होणाऱ्या माणसाची बायको शेणाची पाटी डोक्यावर घेते म्हणून लोक नावं ठेवत, असंही जुनी माणसं सांगत आली आहेत.

त्या काळच्या मुंबईत एकेका खोलीत कोंबून राहणाऱ्या कामगारांच्या घरांत लेकरं सर्वांत जास्त मरत. कोंदट हवा, अपुरं दूध, दूषित पाणी, डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत. रमाईंची लेकरं नशिबाने गेली असं म्हणून आपण मोकळे होऊ नये. ती गरिबीने गेली, आणि ती गरिबी जातीने लादलेली होती. मूल गेलेल्या आईला हे कुणीतरी स्पष्ट सांगावं लागतं, कारण ती सगळा दोष स्वतःकडे घेत असते. माझ्या दुधात काही कमी होतं का, मी वेळेवर दवाखान्यात का नेलं नाही, हे प्रश्न ती रात्रंदिवस स्वतःला विचारते. अनेकदा सासरची माणसं तेच प्रश्न तिला तोंडावर विचारतात.

लेकराचं प्रेत झाकायला नवं कापड आणायलाही घरात पैसे नव्हते, तेव्हा रमाईंनी आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला, ही आठवण आपल्या समाजाच्या तोंडी आहे. ती ऐकताना सभेत सगळ्यांचे डोळे भरतात. पण त्या रात्री, माणसं परत गेल्यावर, त्या दोन खोल्यांत नवरा-बायकोने एकमेकांकडे कसं पाहिलं असेल, याचा विचार आपण करत नाही.

1917 मध्ये बाबासाहेब परतले. 1918 च्या अखेरीस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, साडेचारशे रुपये पगार सुरू झाला. घराला थोडं बरं दिसेल असं वाटलं. पण त्यांना लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायचं होतं. पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचं कर्ज घेऊन जुलै 1920 मध्ये ते पुन्हा गेले आणि एप्रिल 1923 मध्ये आले. म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांतली सुमारे सात वर्षं हे जोडपं समुद्राच्या दोन टोकांना होतं.

राजरत्न

लेकरांमध्ये राजरत्न सर्वांत धाकटा. बाबासाहेबांचा त्याच्यावर विलक्षण जीव होता. जुलै 1926 मध्ये तोही गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी बाबासाहेबांनी आपले सहकारी दत्तोबा पवार यांना एक पत्र लिहिलं. आम्ही इथे त्यातली वाक्यं देत नाही, पण त्यातल्या एका गोष्टीकडे तरुणांनी बारकाईने पाहावं असं वाटतं. त्या पत्रात ते फक्त स्वतःच्या दुःखाविषयी बोलत नाहीत. आपण आणि आपली पत्नी, दोघंही या धक्क्यातून सावरलेलो नाही आणि कधी सावरू असं वाटत नाही, असं ते सांगतात. चारही लेकरांचा हिशेब ते देतात, तीन मुलगे आणि एक मुलगी, आणि ती किती गुणी आणि देखणी होती तेही लिहितात. जगण्यातली चव गेली, हे ते लपवत नाहीत.

हा माणूस तोवर डी.एस्सी. झालेला, बॅरिस्टर झालेला, बहिष्कृत हितकारिणी सभा उभी केलेला. त्याने आपल्या कार्यकर्त्याला आपण मोडून पडलो आहोत हे कळवलं, आणि ते कळवताना बायकोला बाजूला ठेवलं नाही. दुःख दोघांचं आहे हे त्याने कागदावर नोंदवलं. आमच्या कामात आम्ही जे बाप पाहतो त्यांच्यापैकी फार थोड्यांना हे जमतं. पुरुषाने रडायचं नाही, बाईला धीर द्यायचा, अशी शिकवण असते. मग तो बाप कामावर जास्त वेळ थांबतो, किंवा गुत्त्यावर जातो, किंवा घरात येऊन गप्प बसतो. बायकोला वाटतं, याला काहीच वाटत नाही. तिथून भिंत उभी राहायला सुरुवात होते.

दोघांची दुःखं दोन वाटांनी

रमाई आणि बाबासाहेबांचं दुःख एकच होतं, पण ते वाहून नेण्याच्या रीती अगदी निराळ्या होत्या. रमाई भाविक होत्या. शनिवारचा उपवास करायच्या, नवऱ्याच्या आयुष्यासाठी देवाकडे मागणं मागायच्या. पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचं दर्शन घ्यावं अशी त्यांची फार इच्छा होती. अस्पृश्याला देवळाबाहेर लांब उभं करणाऱ्या पंढरपूरला जाण्यात बाबासाहेबांना अर्थ वाटत नव्हता. त्यांनी नकार दिला आणि आपण दुसरं पंढरपूर निर्माण करू असं समजावलं. स्वतः बाबासाहेब पुस्तकांत आणि कामात बुडाले.

आज बौद्ध म्हणून आपल्याला रमाईंचे उपवास सांगताना अवघडल्यासारखं होतं. काही वक्ते ते गाळतात. आम्हाला ते गाळण्याची गरज वाटत नाही. 1935 मध्ये गेलेल्या रमाईंनी 1956 ची दीक्षा पाहिली नाही. चार लेकरं गेलेल्या आईने हाताशी होता तो आधार धरला. घरात अंधश्रद्धेवर मतभेद होते, तरी त्या मतभेदांमुळे बाबासाहेबांनी त्यांना कमी लेखल्याचं दिसत नाही. उलट लिहायला-वाचायला शिकवलं.

शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रीब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये एक मांडणी केली. शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये हेलकावत असतो. कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, कधी पुढच्या कामाला लागतो, आणि दोन्ही गरजेचं असतं. नवरा-बायकोची अडचण अशी की दोघांचे हेलकावे एका वेळी येत नाहीत. ती फोटो घेऊन बसलेली असते तेव्हा तो घराचा हप्ता कसा भरायचा याच्या विचारात असतो. तो रात्री दोन वाजता रडतो तेव्हा तिला नुकती झोप लागलेली असते. हे वेगळेपण म्हणजे प्रेम नसणं नव्हे, एवढं जरी दोघांना कुणी समजावलं तरी निम्मी भांडणं थांबतात. मूल गेल्यावर बहुतेक संसार मोडतात असा एक समज पसरलेला आहे. संशोधनात तो टिकलेला नाही. ताण नक्की येतो, पण बहुतेक जोडपी एकत्र राहतात. कोणत्या अवस्थेत राहतात, हा प्रश्न उरतो.

चवदार तळं आणि एक अग्रलेख

राजरत्न गेल्यानंतर आठ महिन्यांनी, 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळली. आपण हा इतिहास तारखांनी पाठ करतो. त्या तारखांच्या मागे परळच्या घरात ताजा शोक होता, हे कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत.

1928 साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये बाबासाहेबांनी पत्राच्या आर्थिक अडचणींविषयी लिहिलं. त्यात त्यांनी आपल्या बायकोविषयीही लिहिलं. आपण परदेशी असताना तिने घराचा भार वाहिला, शेणाचे भारे डोक्यावर घेतले, आणि अशा बाईसाठी आपल्याला दिवसातून अर्धा तासही काढता येत नाही, अशी कबुली त्यांनी दिली. एका पुढाऱ्याने आपल्याच वर्तमानपत्रात, हजारो अनुयायांसमोर, आपल्या संसारातली ही उणीव मांडली.

या लिहिण्याने रमाईंना तो अर्धा तास मिळाला असं आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या वाट्याला एकटेपण फार आलं. हा संसार आदर्श होता असं सांगून आजच्या बायकांना त्याग करायला लावणं हा रमाईंच्या नावाचा दुरुपयोग आहे. आपल्याला घेण्यासारखी गोष्ट एवढीच की नवऱ्याने बायकोचे कष्ट आणि तिचं दुःख पाहिलं, ते शब्दांत मांडलं आणि स्वतःचं कमी पडणं लपवलं नाही.

त्याच वर्षी, 28 जुलै 1928 ला, मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या काळात कामगार स्त्रियांना रजा आणि मोबदला देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आपल्या घरातल्या दुःखाचा उल्लेख त्यांनी तिथे केला नव्हता. पण ते भाषण वाचताना परळच्या त्या खोल्या डोळ्यांपुढून हटत नाहीत.

आज मातृत्व लाभाच्या कायद्यानुसार गर्भपात झालेल्या नोकरदार स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण आपल्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या बायकांपर्यंत हा कायदा पोचत नाही. पोटातलं बाळ गेल्यावर चौथ्या दिवशी कामावर गेलेल्या बायका आम्हाला भेटतात. हा प्रश्न आपल्या युनियन आणि महिला मंडळांनी हातात घेतला पाहिजे.

धारवाडच्या बांगड्या आणि राजगृह

रमाई हवापालटासाठी धारवाडला वराळे यांच्याकडे गेल्या असतानाची एक आठवण सांगितली जाते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांना अनुदान न आल्यामुळे उपाशी राहावं लागत होतं. हे कळताच रमाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि मुलांच्या जेवणाची सोय करायला लावली. ही गोष्टही आपण दानशूरपणाची म्हणून सांगतो. आम्हाला त्यात आपली चार लेकरं पोचवलेली आई दिसते. परक्याचं पोर उपाशी आहे हे तिला ऐकवलं नाही. शोकातून सावरणारे अनेक आईबाप पुढे दुसऱ्यांच्या मुलांसाठी काहीतरी करू लागतात. कुणी अभ्यासिकेला पुस्तकं देतं, कुणी रक्तदान शिबिर भरवतं. त्यांना ते करू द्यावं, पण त्यासाठी घाई लावू नये.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून झालं. मोठं घर आलं, पण रमाईंची तब्येत तोवर खचली होती. 27 मे 1935 ला त्या राजगृहात गेल्या. वय अवघं सदतीस. अंत्ययात्रेला हजारो लोक होते. बाबासाहेब इतके कोसळले की काही काळ त्यांनी डोकं भादरून विरक्तासारखं राहणं पत्करलं. साडेचार महिन्यांनी, 13 ऑक्टोबर 1935 ला, येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पाच वर्षांनी प्रसिद्ध झालेला पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. अर्पणपत्रिकेत त्यांनी तिच्या मनाचा चांगुलपणा सांगितला आणि कुणी मित्र नसलेल्या, टंचाईच्या दिवसांत तिने आपल्याबरोबर सोसलं याची नोंद ठेवली.

आपण काय करायचं?

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी शोकग्रस्तांना दिलेल्या दिलाशाची दोन उदाहरणं घेतली आहेत, नात गेलेली विशाखा आणि लेकरू गेलेली किसा गौतमी. किसा गौतमीची गोष्ट आपण मरण अटळ आहे एवढ्यापुरती सांगतो. पण मोहरीसाठी ती दारोदार गेली. प्रत्येक दारात तिला कुणीतरी आपलं गेलेलं माणूस सांगितलं असणार. बुद्धांनी तिला उपदेश करण्याआधी माणसांमध्ये पाठवलं. शोकातल्या जोडप्याला आपणही हेच देऊ शकतो. आमच्या अनुभवातून काही गोष्टी सुचवतो.

जलदान विधीनंतर जाणं थांबवू नका. पहिला महिना, तिसरा महिना, मुलाचा वाढदिवस आणि वर्षाचा दिवस वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी जा. जाताना दोघांसाठी जा. महिला मंडळ आईजवळ बसतं, पण बापाजवळ कुणी बसत नाही. त्यासाठी तरुण कार्यकर्त्यांनी वेळ काढावा. चहाच्या टपरीवर त्याच्या शेजारी गप्प बसलं तरी चालतं.

मुलाचं नाव घ्या. नाव टाळल्याने आईबापांना बरं वाटत नाही, मूल विसरलं गेलं असं वाटतं. दुसरं होईल, असं कधीही म्हणू नका. कर्माचं फळ तर मुळीच म्हणू नका. मागच्या जन्मीच्या पापाची भाषा बाबासाहेबांनी धम्मातून हद्दपार केली आहे.

दोष देणारी तोंडं थांबवा. सासू-नणंदा, शेजारी यांपैकी कुणी सुनेला पांढऱ्या पायाची म्हणत असेल तर बौद्धाचार्यांनी, वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथे बोलावं. मुलगा गेला म्हणून नवऱ्याचं दुसरं लग्न लावण्याचे सल्ले आजही दिले जातात. त्याला चळवळीने उघड विरोध करावा.

पैशांची विचारपूस करा. दवाखान्याचं बिल, बचत गटाचा हप्ता, सावकाराचं व्याज यावरून शोकातल्या घरात सर्वाधिक भांडणं होतात. कागदपत्रं, विम्याचा दावा, शासकीय मदतीचे अर्ज ही कामं तुम्ही करून द्या.

कुणी आठवडेच्या आठवडे झोपत-खात नसेल, जगण्यात राम उरला नाही असं म्हणत असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा, किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन लावून द्या. त्यात कमीपणा नाही.

आणि संसार टिकवायचा म्हणजे मार खात राहायचं असं कुणाला सांगू नका. दुःख झालं म्हणून हात उचलायचा परवाना मिळत नाही. जिथे मारहाण आहे तिथे आधी त्या बाईची सुरक्षितता, 2005 च्या कायद्याखालचं संरक्षण, आणि मग बाकीचं.

येत्या 27 मेला रमाईंना अभिवादन करताना गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न यांची नावं मोठ्याने घ्या. सभेत मूल गेलेलं एखादं जोडपं मागच्या रांगेत बसलेलं असेल. आपल्या लेकराचं नावही असं चारचौघांत घेता येतं, हे त्यांना त्या दिवशी कळेल. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत जा.

जयभीम. नमो बुद्धाय.